संशोधनाचे माप कोणाच्या हाती?



खळ्यावर धान्य मोजताना माप कोणाचे आहे हे आपण आधी पाहतो. घेताना मोठे माप आणि देताना लहान माप, ह्या सावकारी युक्तीने घरातले पोते कसे रिकामे होते, हे आपल्या आज्यापणज्यांनी भोगले आहे. परंतु शेतीची विद्या, म्हणजे नवे बियाणे, नवे खत, नवे औषध, जेव्हा सरकारी शेतावरून किंवा कंपनीच्या प्रयोगशाळेतून गावात येते, तेव्हा ती कोणत्या मापाने मोजून पाठविली आहे हे आपण कधी विचारीत नाही. 'एकरी उतारा वाढला' एवढे ऐकले की आपण उधारीवर पिशवी घेऊन घरी येतो. शेतीसंशोधनाचे तत्त्वज्ञान म्हणून जे काही विद्वान लोक सांगतात, ते दुसरे काही नसून हे माप होय. ते माप जोपर्यंत राबणाऱ्याच्या हाती येत नाही, तोपर्यंत विद्या कितीही वाढली तरी राबणाऱ्याचे घर भरणार नाही आणि जमीनही टिकणार नाही. एवढीच गोष्ट आम्हांस आज सांगावयाची आहे.

तत्त्वज्ञान हा शब्द ऐकून कोणी बिचकू नये. प्रत्येक संशोधन एका प्रश्नापासून सुरू होते. कपाशीचे एकच झाड घ्या. गिरणीमालक विचारतो, धागा लांब आहे काय? व्यापारी विचारतो, रुईचा उतारा किती? बियाण्याची कंपनी विचारते, हा शेतकरी पुढल्या वर्षी पुन्हा माझ्याच दुकानी येईल काय? सरकार विचारते, देशाच्या गाठी किती भरल्या? आणि कुणब्याच्या घरची बाई विचारते की, औषधाची उधारी फिटून पोराच्या शाळेला काही उरेल काय, बैलांना काही राहील काय, आणि हीच जमीन नातवालाही पिकेल काय? ह्यांतला कोणताही प्रश्न खोटा नाही. पण संशोधक जो प्रश्न हाती घेतो त्याचेच उत्तर त्यास मिळते. जो कोणी विचारलाच नाही त्याचे उत्तर आपोआप मिळत नाही. म्हणून प्रश्न कोणी घालावयाचा ही साधी बाब नसून सत्तेची बाब आहे.

ज्वारीचे उदाहरण घ्या, म्हणजे हे उघड दिसेल. संकरित ज्वारीचे 'सीएसएच-१' हे वाण १९६४ साली आपल्या देशात निघाले. त्या वर्षांत देशात धान्याची तूट होती आणि अमेरिकेचा गहू जहाजांनी येत होता. अशा वेळी दाणा वाढविणे हे पुण्याचे काम होते, ह्यात शंका नाही. दाणा वाढलाही. परंतु ताट बुटके, म्हणून कडबा कमी. आणि पीक लवकर तयार होणारे, म्हणून काढणीच्या आधी पाऊस आला की कणसे काळी पडत. संशोधकाच्या वहीत दाण्याचा रकाना होता, कडब्याचा रकाना लहान होता, आणि भाकरीच्या चवीचा तर नव्हताच. आपल्या घरी मात्र ज्वारी म्हणजे दाणा आणि कडबा ही दोन पिके एकाच ताटावरची. कडबा गेला की बैल गेला, बैल गेला की शेणखत गेले, शेणखत गेले की जमिनीचा कस गेला, आणि मग तोच कस पोत्यातून विकत आणण्याची पाळी आली. लोकांनी 'हायब्रीड' हा शब्द नाव ठेवण्यासाठी वापरावयास सुरुवात केली, ती काही अडाणीपणाने नव्हे. जे मापात धरले नव्हते ते त्यांच्या घरात कमी पडले होते. पुढे संशोधकांनीही दाण्याबरोबर कडबा देणारी वाणे शोधली, हे त्यांच्या पदरी टाकले पाहिजे. पण ती अक्कल आधी आली असती, जर आधी विचारले असते तर.

आता आपल्या खानदेशाच्या कापसाकडे वळू. ह्या पिकावर जितके संशोधन झाले तितके क्वचितच दुसऱ्या पिकावर झाले असेल. त्याचे मूळ विलायतेत आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेसारखा लांब धाग्याचा कापूस हवा होता, म्हणून १८४० साली कंपनी सरकारने अमेरिकेतून मळेवाले आणविले आणि त्यांना ठिकठिकाणी प्रयोगास बसविले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबई इलाख्यावर गिरण्यांची सगळी नजर वळली. धारवाडकडे अमेरिकन बियाणे पसरविले गेले. काही वर्षे ते चालले, पुढे मिसळत व खालावत गेले. कुणबी आपली देशी कपाशी सोडीना, तेव्हा साहेबलोक म्हणू लागले की हा आळशी आहे, लबाड आहे, भेसळ करतो. १८६३ साली मुंबई सरकारने कापसातील लबाडीबद्दल कायदाही केला. पण देशी कपाशी पाऊस लांबला तरी तग धरते, तिच्यात तूर-मूग घेता येतो आणि घरच्या सरकीने पुढल्या वर्षी पेरणी होते, हा हिशेब कोणत्या साहेबाने मांडला?

पुढे खानदेशात आखूड व जाड्या धाग्याची 'रोझियम' कपाशी पसरली. गिरण्यांना ती आवडेना. शेतकऱ्यास मात्र तिच्यात सरकीच्या मानाने रुई जास्त मिळे, म्हणून तो तीच पेरी. सरकारी लेखी हा ऱ्हास होता. शेतकऱ्याच्या लेखी ती चार पैशांची सोय होती. १९२१ साली मध्यवर्ती कापूस समिती निघाली आणि १९२३ च्या कायद्याने कापसावर उपकर बसला. तो उपकर गिरण्यांकडून व निर्यात करणाऱ्यांकडून वसूल होई. पण गिरणीवाला व दलाल तो खिशातून थोडाच भरणार? भावातून तो शेवटी आपल्यापर्यंतच उतरला. म्हणजे संशोधनाचा पैसा पुष्कळसा आपला, आणि प्रश्न मात्र पुष्कळसा गिरणीचा. त्यातूनही चांगली कामे झाली; मर रोगास तोंड देणारे 'जरीला' हे वाण ह्याच मातीतल्या देशी कपाशीतून निवडून निघाले आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी ते आवडीने पेरले. ते आवडले, कारण ह्या वेळी रोग शेतकऱ्याचा होता आणि उपाय त्याच्याच बियाण्यातून शोधला होता.

कोणी म्हणेल की, त्या काळी दुसरे माप कोणाला सुचलेच नसेल. सुचले होते. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. लोक त्यात भटशाहीवरचे कोरडे तेवढे पाहतात. पण तो शेतीच्या टिकाऊपणाचाही ग्रंथ आहे. जमिनीला पडीक राहण्यास उसंत नाही म्हणून ती थकली. डोंगरातला पालापाचोळा पावसाबरोबर शेतात येई तो बंद झाला. जंगलखात्याने गुरांचे चरणे अडविले. ही कारणे त्यांनी नीट मांडली. उपायही सांगितले. पलटणीतील व पोलिसांतील रिकाम्या हातांकडून ताली-बंधारे बांधवून पावसाचे पाणी जागच्या जागी मुरवावे, तळ्यांतला गाळ शेतकऱ्यास द्यावा, चांगल्या जातीची मेंढरे-बकरी आणावीत, पिकांची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, आणि शेतकऱ्याच्या मुलांस शेतीची विद्या शिकवावी. ह्यात विद्येचा द्वेष कोठे आहे? विलायती विद्या सुद्धा त्यांना हवीच होती. त्यांचे म्हणणे एवढेच की, आधी कुणब्याची दैना कशाने झाली ते पाहा, मग उपाय शोधा.

सहा वर्षांनी, १८८९ साली, विलायतेहून डॉक्टर व्होल्कर नावाचे रसायनशास्त्री हिंदुस्थानची शेती सुधारण्यासाठी पाठविण्यात आले. हा गृहस्थ प्रामाणिक होता. शेत पाहत, लोकांस विचारीत तो फिरला आणि १८९३ च्या अहवालात त्याने लिहिले की, येथला रयत सरासरी इंग्रज शेतकऱ्याहून कमी नाही, काही बाबतींत सरस आहे. त्याला कमी आहे ती साधनांची. शेण जाळतात म्हणून कुणब्यास मूर्ख ठरविण्याची तेव्हा रीत होती. व्होल्करने विचारले, जाळतात का? उत्तर मिळाले, सरपण नाही म्हणून. तेव्हा त्याने खताचे व्याख्यान न देता सरपणाची व चाऱ्याची राने राखा असे सांगितले. मापाचा फरक म्हणतात तो हा.

आपल्या सातपुड्यापलीकडे, इंदुरास, १९२४ ते १९३१ पर्यंत आल्बर्ट हॉवर्ड साहेबाने असेच काम केले. पुसा येथील सरकारी संस्थेत एकाने रोग पाहावा, दुसऱ्याने किडा पाहावा, तिसऱ्याने माती पाहावी, आणि शेत मात्र कोणीच पाहू नये, ही रीत त्याला पटली नाही. इंदुरास त्याने यशवंत वाड ह्या आपल्या मराठी सहकाऱ्याबरोबर काडीकचरा, शेण, मूत व राख ह्यांपासून खत करण्याची पद्धत बसविली आणि दोघांनी मिळून १९३१ साली तीवर पुस्तक लिहिले. येथील कुणबी आणि पिकावरची कीड ह्यांना तो आपले गुरू म्हणे. ध्यानात धरण्याजोगी गोष्ट ही की, त्या इंदूरच्या संस्थेला पैसा त्याच कापूस समितीकडूनही मिळत होता. म्हणजे पैसा तोच. प्रश्न बदलला म्हणून फळ बदलले.

स्वराज्यानंतर आपली विद्यापीठे निघाली. राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले व पुढे त्यास महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. त्याच १९६८ च्या जानेवारीत वाराणसीच्या विज्ञान परिषदेत डॉक्टर स्वामिनाथन ह्यांनी इशारा दिला होता की, जमिनीचा कस न राखता भरमसाट पीक काढीत गेल्यास, विचार न करता औषधे मारल्यास, आणि अनेक देशी वाणांच्या जागी एकदोनच वाणे सगळीकडे पेरल्यास पुढे अनर्थ होईल. हरितक्रांती ज्याने आणली त्यानेच तिचा धोका पहिल्या दिवसात सांगितला होता. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड बाईंच्या आयोगाने सगळ्या जगास सांगितले की, आजची गरज अशी भागवा की पुढल्या पिढीची गरज भागण्यास अडचण पडू नये. ह्यास शाश्वत विकास हे मोठे नाव पडले. आपल्या आजीने बियाण्याची कणगी वेगळी ठेवून, उपास पडला तरी तिला हात लावू दिला नाही, तिला हे नाव ठाऊक नव्हते; कृती ठाऊक होती.

फुल्यांचे नाव विद्यापीठाच्या दारावर आले ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांचा प्रश्न आतल्या वहीत आला काय, हे आपण पाहिले पाहिजे. शेतकरी मेळाव्यास जाऊन पाहा. व्यासपीठावर बोलणारे, खाली मांडी घालून ऐकणारे. प्रश्नोत्तराला शेवटची दहा मिनिटे, तोवर जेवणाची घंटा. हे आम्ही कोणा एका संस्थेस लावून बोलत नाही. ही सर्वत्रची रीत झाली आहे. आणि ह्या रीतीची किंमत काय पडते ती बोंडअळीने दाखविली.

बीटी कपाशीला सरकारची परवानगी २००२ च्या मार्चात मिळाली. तिची दुसरी, दोन जनुकांची आवृत्ती २००६ साली आली. मातीतल्या एका सूक्ष्म जंतूचा अळी मारण्याचा गुण त्या बियात घातलेला आहे. हिरव्या बोंडअळीने नाडलेल्या शेतकऱ्यास तिने खरोखर आराम दिला. ते नाकारणे खोटेपणाचे होईल. १९४७ साली देशात बहुतेक कपाशी देशी होती. आज दहांतील नऊ वाट्यांहून जास्त बीटी संकरित आहे. पण गुलाबी बोंडअळीने हळूहळू ते विष पचविले. गुजराथेत पहिल्या आवृत्तीला अळी दाद देत नाही हे २०१० साली जाहीर झाले, आणि २०१७ साली दुसऱ्या आवृत्तीचे उभे पीक आपल्या महाराष्ट्रात किडले. त्याच वर्षी यवतमाळकडे फवारणी करताना विषबाधेने शेतकरी व शेतमजूर मेले.

मग दोष कोणाचा? सांगण्यात आले की, शेतकऱ्याने कपाशीभोवती साध्या, बिनबीटी कपाशीच्या ओळी लावल्या नाहीत, म्हणून अळी सरावली. नियम होता हे खरे आणि बहुतेकांनी तो पाळला नाही हेही खरे. परंतु दोनतीन एकरांच्या धन्याने किड्यासाठी शेताची कड सोडून द्यावी, हे त्याला कोणी बांधावर बसून समजाविले? त्या ओळींचे नुकसान कोण भरून देणार, हे कोणी ठरविले? हजार एकरांच्या अमेरिकन मळ्यात जी रीत चालते ती दोन एकरांत चालत नसेल, तर ती रीत आपल्यासाठी अपुरी होती असे म्हणावे लागेल. दुसरी गोष्ट. कापूस पिकविणारे बहुतेक देश सरळ वाण पेरतात, ज्याचे बी पुन्हा पेरता येते. इतक्या मोठ्या प्रमाणावर संकरित कपाशी आपल्याच देशात आहे. संकरित बियाणे दर साली नवे घ्यावे लागते. त्यातून झाडे विरळ आणि पीक लांबणीचे, म्हणजे अळीला महिनोन् महिने जेवण. आपल्या खानदेशात विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यातच कपाशी लावण्याची चाल, आणि वेचणी संपल्यावर फरदड ठेवण्याची चाल. ह्या दोहोंनी अळीची पंगत बारमाही झाली. अलीकडे सरकारने मे महिन्यातील पेरणी थांबविण्यासाठी बियाण्याच्या विक्रीवर बंधने घातली, आणि फरदड घेऊ नका असे संशोधक सांगतात. ते ऐकावे, ते खरे आहे. पण फरदड का ठेवतो ह्याचेही उत्तर त्यांनी ऐकावे. पहिल्या वेचणीचे पैसे दुकानदार नेतो, म्हणून शेवटच्या वेचणीवर घर चालवावे लागते. कर्ज हे सुद्धा अळीचे खाद्य आहे, हे कोणत्या शोधनिबंधात लिहिले आहे?

आता पाण्याचे पाहा. आपला चोपडा तालुका, शेजारचे यावल व रावेर, हा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा केळीचा. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ऊतिसंवर्धित रोपे आली, ठिबक आले, घड मोठा झाला. ह्या सर्व चांगल्या गोष्टी आहेत. परंतु भूजलाच्या सरकारी मोजणीत यावल व रावेर हे तालुके वर्षानुवर्षे अतिउपशाच्या यादीत येत राहिले. असे का व्हावे? शाळेतल्या मुलासही सुटेल असा हा हिशेब आहे. ठिबकने एका खोडाचे पाणी वाचते. वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी खोडे लावली, तर विहिरीचे पाणी वाचले काय? संशोधनाने खोडाचे माप घेतले. विहिरीचे माप कोणी घेतलेच नाही, कारण खोड एकाचे असते आणि पाणी सगळ्यांचे असते. ज्याच्याजवळ पैसा तो खाली खाली जातो. ज्याच्याजवळ नाही त्याची विहीर आधी आटते आणि तो सालदार होऊन दुसऱ्याच्या बागेत घड वाहतो.

हे माप आपल्या लोकांना येत नव्हते असे नाही. आपल्याच खानदेशात, धुळे-साक्रीकडे पांझरेवर, आणि नाशिककडे मोसम व आरम ह्या नद्यांवर, तीनचारशे वर्षांची फड पद्धत होती. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन किंवा चार फड. एका फडात एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू-हरभरा, कोणता कोरडा ठेवावयाचा, हे शेतकरी एकत्र बसून दर साली ठरवीत. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात, म्हणून पाणी कमी पडले तर तोटाही सगळ्यांनी वाटून घ्यावयाचा. पाटकरी पाणी फिरवी आणि त्याचा मोबदला सगळे देत. पुढे वरच्या अंगास धरणे झाली, घरोघर विहिरी झाल्या, आणि बरेच फड मोडकळीस आले. त्यांतही गावचे मोठे लोक, जातीची उतरंड होतीच. ते रामराज्य नव्हते. पण पाण्याचे माप गावाने मिळून घ्यावे, ही गोष्ट कोणत्याही विद्यापीठाच्या आधी आपल्या कुणब्यामाळ्यांनी शोधली होती.

येथे एक सावधगिरीचा शब्द. रासायनिक शेतीला लोक कंटाळले हे पाहून आता दुसरीकडून काही मंडळी येत आहेत. जुने तेच सोने, शेतात होम करा, मंत्र म्हणा, अमुक रंगाच्याच गाईचे शेण पवित्र, म्हणजे पीक आपोआप वाढेल, असे ते सांगतात. बंधूंनो, शेणखत चांगले, गांडूळ चांगले, जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन चांगले. ते कसे चांगले हे मोजून दाखविता येते आणि हॉवर्ड-वाडांनी ते दाखविलेही. पण ज्या जुन्याने आपल्या आजोबांस पाटीपेन्सिलीपासून दूर ठेवले, ते सगळेच सोने म्हणून गळ्यात घालू नका. कंपनीची पिशवी डोळे मिटून घेणे आणि बुवाचा अंगारा डोळे मिटून घेणे ह्यांत फरक नाही. सत्यशोधकाने दोहोंसही एकच विचारावे: मोजून दाखवा, आणि आमच्या शेतात मोजून दाखवा.

संशोधक म्हणजे कोण, हाही प्रश्न आहे. आपल्याकडची तिफण पाहा. एका वेळी तीन ओळींत, सारख्या खोलीवर बी टाकणारे हे अवजार गावच्या सुताराने बाभळीच्या लाकडातून घडविले आणि लोहाराने फासा बसविला. दक्षिणेतली अशी पाभर पाहून अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉलकॉट नावाच्या इंग्रज कप्तानाने विलायतेस वर्णन लिहून पाठविले. त्या सुताराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. हे जुने झाले असे म्हणाल, तर आपल्या काळातले घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ च्या सुमारास 'पटेल-३' धानाच्या शेतात त्यांना वेगळ्या दाण्याच्या काही लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वर्षानुवर्षे निवडून पेरल्या आणि त्यातून 'एचएमटी' हा बारीक, चवदार तांदूळ निघाला. तो हजारो शेतांत गेला, बाजारात गाजला. विद्यापीठाने १९९४ साली त्यांच्याकडून बी नेऊन १९९८ साली आपल्या नावाने सुधारित वाण काढले. दादाजींना मानसन्मान मिळाले, पण २०१८ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा घरची गरिबी तशीच होती. ज्याच्या डोळ्याने बी शोधले त्याला वाटा किती मिळाला? ज्या समाजाला शतकानुशतके 'तुझे काम राबणे, विचार करणे दुसऱ्याचे' असे सांगण्यात आले, त्या समाजातल्या माणसाचे डोके मापात धरण्याची सवय अजून लागावयाची आहे, हेच ह्यातून दिसते.

तर मग आपण काय करावे? रडत बसणे हा सत्यशोधकाचा धर्म नव्हे. आमच्या समजुतीप्रमाणे पुढील मागण्या गावोगावच्या ग्रामसभांनी ठराव करून कराव्यात.

पहिली, बियाण्याची वा लागवडीची चाचणी केवळ सरकारी शेताच्या काळ्या, ओलिताच्या जमिनीत न होता आपल्या कोरडवाहू, मुरमाड तुकड्यात व्हावी. आणि निकाल ठरविताना निंदणी-वेचणी करणाऱ्या बाया व सातपुड्यातले पावरा-बारेला बांधवही बसवावेत.

दुसरी, प्रत्येक शिफारशीबरोबर पाच रकान्यांचा हिशेब छापावा: दाणा किंवा रुई किती, चारा किती, पाणी किती, खर्च व कर्ज किती, आणि पाच वर्षांनी मातीचा कस किती. पाचांतला एक रकाना कोरा असेल तर ती शिफारस अपुरी समजावी.

तिसरी, बियाण्याबद्दल. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, छाप न लावता विकण्याचा सुद्धा हक्क दिलेला आहे. हा हक्क कागदावर आहे, कारण आपल्या कणग्या रिकाम्या आहेत. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे ह्या आदिवासी बाईने अक्षरओळख नसता देशी वाणांचे बी जमवून राखले व त्यास पद्मश्रीचा मान मिळाला. एका बाईने केले ते एका गावाला का जमू नये? आणि विद्यापीठांनी लवकर येणारी, दाट पेरता येणारी सरळ वाणाची कपाशी आपल्यास द्यावी, ही मागणी जोराने करावी.

चौथी, गावातल्या विहिरी व कूपनलिका ह्यांची पातळी दर महिन्यास मोजून चावडीवर लिहावी आणि त्यावरून केळी किती लावावयाची ते सगळ्यांनी बसून ठरवावे. हे कठीण आहे, भांडणे होतील. पण विहिरी आटल्यावरची भांडणे ह्याहून कठीण असतात. ह्या कामी आम्ही शिक्षक मंडळींनी हात लावावा. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून मुलांकडून पाऊस व विहिरीचे पाणी लिहवून घेणे, हा गणिताचाच धडा आहे.

पाचवी, मुलगा असो वा मुलगी, एक तरी मूल शेतीची विद्या शिकण्यास पाठवा. पण शिकून कंपनीची पिशवी विकण्यासाठी नव्हे. आपला प्रश्न विद्यापीठाच्या आत घेऊन जाणारे मूल आपल्यास हवे आहे.

विद्येविना काय काय गेले हे जोतीरावांनी आपल्यास शिकविले. आज विद्या दारात आली आहे, तिला परत लावू नका. तिला घरात घ्या, ओसरीवर बसवा, आणि पहिला प्रश्न आपण विचारा.

— एक खेडूत शिक्षक, तालुका चोपडा